व्यायाम आणि आयास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात अग्र्यसंग्रह आला आहे. त्यात स्थैर्य देणाऱ्या भावांमध्ये व्यायामाला श्रेष्ठ म्हटले आहे, आणि त्याच संग्रहात सर्व अपथ्यांमध्ये आयास अग्रणी ठरविला आहे. दोहोंत शरीर हलते, श्वास वाढतो, स्वेद येतो. मग एक हितकर आणि दुसरा अहितकर का? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक चिकित्सकाने स्वतःपाशी निश्चित केले पाहिजे, असे आमचे मत आहे. कारण ‘नियमित व्यायाम करावा’ एवढे तीन शब्द पथ्यपत्रावर लिहिले की कर्तव्य संपले, अशी समजूत आज रूढ होत आहे.

उत्तर सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील व्याख्येतच आहे. स्थैर्य व बल यांसाठी केलेली शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम, आणि ती मात्रेनेच करावयाची. तेथील ‘चेष्टा’ या पदाचा ‘च इष्टा’ असा विग्रह परंपरेला परिचित आहे. म्हणजे जी मनाला इष्ट, ती चेष्टा व्यायाम होय. या एका पदाने मन व्यायामाच्या व्याख्येत प्रवेश करते. दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाचे श्रम पुष्कळ असतात. परंतु ते इष्ट नसतात आणि त्यांची मात्रा त्याच्या हाती नसते. व्यवसायातील श्रम आणि फावल्या वेळातील व्यायाम यांचे हृदयावर होणारे परिणाम सारखेच असतात काय, हा प्रश्न आधुनिक संशोधकांनीही उपस्थित केला आहे. अशा रुग्णास रोज एक तास चालण्याचा उपदेश करण्यापूर्वी त्यास विश्रांतीची गरज अधिक नाही ना, हे पाहणे उचित ठरेल.

दुसरा मुद्दा मनाच्या तत्कालीन अवस्थेचा. शरीर मनाचे अनुसरण करते व मन शरीराचे, हा शारीरस्थानातील सिद्धांत आपण सारे जाणतो. व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना चरकसंहितेच्या प्रचलित पाठात भुकेलेले, तहानलेले, बालक व वृद्ध यांच्याबरोबरच क्रोध, शोक व भय यांनी ग्रासलेल्यांचाही उल्लेख येतो. हा उल्लेख केवळ नीतिपर नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील १२,००० हून अधिक हृद्‌रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, तीव्र शारीरिक श्रम आणि क्रोध अथवा मनःक्षोभ एकाच वेळी घडल्यास त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. कार्यालयातील संताप ‘जिरविण्यासाठी’ तडक व्यायामशाळा गाठणाऱ्या तरुणास हे सांगण्याचे काम वैद्याचेच आहे.

यावर कोणी म्हणेल की, विषादाच्या रुग्णांना व्यायामाने लाभ होतो, असे आधुनिक अभ्यास सांगतात. मग शोकग्रस्तास तो वर्ज्य कसा? आमच्या मते येथे विरोध नाही. निषेध आहे तो शोकाने पूर्णपणे ग्रासलेल्या अवस्थेत जोराचा व्यायाम करण्याचा. वेग ओसरल्यावर, तमाने जडावलेल्या मनाला जागे करण्यासाठी अल्प मात्रेतील, रुचेल अशी चेष्टा औषधासारखीच उपयोगी पडते. अवस्था ओळखून मात्रा ठरविणे, हीच तर चिकित्सा.

तिसरा मुद्दा मात्रेचा. ‘रोज दहा हजार पावले’ हा आकडा आज सर्वतोमुखी झाला आहे. त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावात आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला. अशा आकड्यांचा समाजाला उपयोग आहेच. परंतु समोर बसलेल्या एका व्यक्तीची मात्रा त्यातून कळत नाही. सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण सांगितले ते हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागण्याचे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर येणारा स्वेद आणि मुखशोष ही लक्षणेही सर्वज्ञात आहेत. हे मापक प्रत्येकाच्या देहातच आहे, ऋतू व वय यांनुसार ते आपोआप बदलते, आणि त्यास पैसा पडत नाही. मनगटावरील यंत्र पाहून चालणारा मनुष्य मात्र स्वतःचा श्वास ऐकणे विसरतो. सहसा अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा शास्त्राने दिली आहे. त्या सिंहाचा नाश बळाच्या अभावाने होत नाही, विवेकाच्या अभावाने होतो. यालाच आपण प्रज्ञापराध म्हणतो.

महाराष्ट्राला तालीम व मल्लखांब यांची परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर आणले. त्या भूमीतील वैद्याने व्यायामाविषयी मोघम बोलू नये. रुग्णपत्रकात व्यायामासमोर चार गोष्टींची नोंद असावी, असे आम्ही सुचवितो : रुग्णाचे दैनंदिन श्रम, त्याच्या मनाची सद्यःस्थिती, त्याला रुचणारी चेष्टा आणि अर्धशक्तीचे लक्षण त्यास समजावल्याची खूण. या नोंदीस दोन-तीन मिनिटे पुरतील. औषधाची मात्रा आपण गुंजा व माषांत मोजतो; व्यायामाची मात्राही तितक्याच दक्षतेने ठरविली, तरच तो व्यायाम राहील, आयास होणार नाही.