‘निरंक’ लिहिण्याआधी

नोकरीच्या अर्जात ‘पूर्वानुभव’ नावाचा एक रकाना असतो. पदवीचा निकाल नुकताच हाती आलेला मुलगा तेथे पेन टेकवतो, थबकतो आणि ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. मुलाखतीचे बोलावणे आले की तोच शब्द त्याच्या छातीवर येऊन बसतो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलीच ही गत.

मुलाखतीचे प्रस्थ आता कमी झाले आहे, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरेही आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांतल्या कारकुनांची निवडही आता लेखी परीक्षेवरच होते. प्रोबेशनरी अधिकाऱ्याला मात्र मुलाखत चुकलेली नाही. अंतिम यादीत लेखी परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असे वजन असते. खासगी कचेऱ्या, पतसंस्था, रुग्णालये येथे तर समोर बसवून चार प्रश्न विचारल्याशिवाय सहसा कोणी कामावर घेत नाही.

मग नवख्या उमेदवाराकडून त्या टेबलापलीकडच्या माणसांना हवे तरी काय असते? बँकेतल्या नोकरीत माझे एक मत पक्के झाले. व्हाउचर कसे लिहायचे, खतावणी कशी वाचायची, हे नव्या माणसाला पंधरा दिवसांत शिकवता येते. पण दिवसअखेर दहा रुपयांचा फरक लागला तर तो सापडेपर्यंत उठायचे नाही, हे शिकवणे फार अवघड. ते ज्याने त्याने घरून आणावे लागते. मुलाखत घेणारा त्याचाच माग काढत असतो.

निवृत्तीनंतर एका पतसंस्थेने मला निवड समितीवर बोलावले होते. एका मुलीने अनुभवाच्या रकान्यात रेघ ओढली होती. वडील काय करतात, असे विचारल्यावर पिठाची गिरणी आहे, असे तिने चाचरत सांगितले. सुटीत गिरणीवर बसत होतीस का? हो. पीठ कमी भरले म्हणून गिऱ्हाईक भांडायला आले तर? त्यासरशी ती सावरून बसली. दळण घेताना वजन करून चिठ्ठी डब्याला लावायची, दळून झाल्यावर गिऱ्हाइकासमोरच पुन्हा तोलायचे, घट किती येते हे आधीच सांगायचे, म्हणजे भांडण होत नाही, असे ती म्हणाली. रोखपालाच्या कामाचे सारे सार त्या उत्तरात होते. रेघ ओढताना ते तिच्या ध्यानातच आले नव्हते!

म्हणून तयारीचा आरंभ प्रश्नोत्तरांचे पुस्तक पाठ करण्याने नव्हे, तर एका कोऱ्या कागदाने करावा. मंडळाची वर्गणी सांभाळली, धाकट्यांच्या शिकवण्या घेतल्या, दुकानात बसलो, आजोबांना दवाखान्यात नेले, सारे लिहावे. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर केले असेल तर तेही लिहावे. मग प्रत्येकापुढे काम काय होते, अडचण कोणती आली, आपण काय केले आणि शेवटी काय झाले, हे चार वाक्यांत मांडावे आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने ऐकवावे. ज्या संस्थेत जायचे तिचे काम आधी समजून घ्यावे; बँक असेल तर शाखेत अर्धा तास बसून फलक वाचावेत. मूळ प्रमाणपत्रे आणि झेरॉक्स प्रती आदल्या रात्रीच क्रमाने लावाव्यात. येत नसलेल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही.

खोट्या अनुभवाचा दाखला मात्र चुकूनही जोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तो उघडा पडतो आणि पकडला गेला नाही, तर नोकरीभर मानेवर बसतो. अनुभव हवाच असेल तर शिकाऊ उमेदवारीचा सरळ रस्ता आहे. त्यासाठी १९६१ पासून कायदा आहे, आणि या काळात विद्यावेतनही मिळते.

दोन शब्द नोकरी देणाऱ्यांनाही. साध्या कारकुनी कामाच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागायचा आणि मग चांगली मुले मिळत नाहीत म्हणून कुरकुरायचे, हे बरे नव्हे. पाण्यात पडल्याशिवाय कोणाला पोहता येत नाही. कोणीतरी आधी पाण्यात उतरू दिले पाहिजे.

पण सर्वांत मोठी जबाबदारी आपली, आईवडिलांची आहे. दहावी आली, बारावी आली, ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणत आपण मुलांच्या हातून पाण्याचा पेलाही उचलून घेतो. विजेचे बिल आपण भरतो, पासबुक आपण भरून आणतो, गॅसवाल्याशी आपणच भांडतो. मग एकविसाव्या वर्षी कोणीतरी परका माणूस त्याला विचारतो, ‘आजवर तू कोणते काम अंगावर घेऊन पुरे केलेस?’ त्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दोष एकट्या मुलाचा कसा? या सुटीत घरातला एखादा व्यवहार त्याच्याकडे संपूर्ण सोपवा, हिशेब मागा आणि चुकला तर त्यालाच दुरुस्त करू द्या.