पाठशुद्धी आकाशाची

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले की आमच्या नगरच्या प्राध्यापक-कक्षात एक चित्र हमखास फिरते. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ : 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत'. पूर्वी ते ई-मेलने यायचे, आता मोबाइलवर येते. यंदा मी सांगून टाकले की हे चित्र दिवाळीचे नाही. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जो निष्कर्ष काढला, तो या लेखाचे निमित्त आहे. ते म्हणाले, "म्हणजे अंतराळातले सगळे फोटो असे संगणकावर रंगवलेलेच असतात. विज्ञानाचे पुराण, दुसरे काय!" कक्षात हशा पिकला. दोन-तीन विद्यार्थीही तेथे होते, तेही हसले.

या हशाचा मला प्रतिवाद करायचा आहे.

आधी त्या चित्राविषयी. 'नोआ' या अमेरिकी संस्थेतील शास्त्रज्ञ क्रिस एल्विज यांनी ते 2003 साली तयार केले. त्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी अनेक वर्षे टिपलेली रात्रीची निरीक्षणे एकावर एक रचण्यात आली. 1992 पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढरे. 1992 साली दिसू लागलेले निळे, 1998 सालचे हिरवे, 2003 सालचे लाल. वाढत्या लोकवस्तीचा तो आलेख होता. पुढे कोणीतरी त्याची रंगसूची गाळली आणि त्याला नवे शीर्षक चिकटवले. नोव्हेंबर 2012 मध्ये 'नासा'ने दिवाळीच्या सुमाराचे खरे उपग्रहचित्र प्रसिद्ध करून खुलासा केला की दिवाळीच्या जादा उजेडाचा फरक अंतराळातून जाणवण्याइतका नसतोच. खुलासा कोणी वाचला नाही. चित्र मात्र दरवर्षी फिरते.

आता नीट पाहावे. या चित्रात खोटे काय आहे? रंग खोटे नाहीत, ते अर्थवाही आहेत. खोटे आहे ते शीर्षक. संस्कार करणाऱ्याने लबाडी केली नाही, संस्काराची नोंद पुसणाऱ्याने केली. माझ्या सहकाऱ्यांचा राग चुकीच्या माणसावर आहे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या पुण्याचे. 28 सप्टेंबर 2015 रोजी 'इस्रो'ने 'ॲस्ट्रोसॅट' ही वेधशाळा सुमारे 650 किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत सोडली. तिच्यावरील अतिनील दुर्बीण बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची 'आयुका' आणि इतर संस्थांच्या सहकार्यातून साकारली. ही दुर्बीण आपल्या कॅमेऱ्यासारखा 'फोटो' काढतच नाही. आलेला एकेक प्रकाशकण हजारोपटींनी वाढवून त्याचा ठिपका पडद्यावर पाडला जातो. सेकंदाला सुमारे 29 चौकटी वाचल्या जातात. प्रत्येक ठिपक्याचे स्थान आणि वेळ नोंदली जाते. हाती येते ती नोंदींची एक लांबलचक यादी. शिवाय उपग्रह स्थिर नसतो, किंचित सरकत असतो. म्हणून दृश्य प्रकाशातील ताऱ्यांचा माग ठेवून ते सरकणे मोजायचे आणि प्रत्येक कण त्याच्या मूळ जागी नेऊन बसवायचा. वैश्विक किरणांचे उपद्रवी ठिपके वगळायचे, पार्श्वभूमीचा उजेड वजा करायचा. मग प्रतिमा उभी राहते. अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, तेव्हा तिचा 'खरा रंग' कोणता हा प्रश्नच निरर्थक आहे. रंग द्यावाच लागतो.

हे सारे रंगकाम असेल, तर त्यातून काय निघाले तेही ऐकावे. ऑक्टोबर 2016 मध्ये या दुर्बिणीने आकाशाचा एक लहानसा तुकडा 28 तासांहून अधिक काळ न्याहाळला. त्या नोंदींतून 'आयुका'चे कनक साहा आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी सुमारे 930 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण ओळखले. ते त्याच दीर्घिकेचे आहेत, अन्य कशाचे नाहीत, याची खातरजमा करण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. शोधनिबंध ऑगस्ट 2020 मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त आला. चित्र रंगवायला दोन वर्षे लागत नाहीत. दोन वर्षे लागतात ती स्वतःवर शंका घ्यायला.

आणि आपण मराठीचे लोक, आपण तरी या कामाला हसू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढच्या तीन शतकांत हातोहात झालेल्या नकलांत तिचा पाठ बिघडला. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. भर पडलेले वगळणे, जागा चुकलेले जागी बसवणे, हेच ते काम! ती 'संगणकावर रंगवलेली ज्ञानेश्वरी' आहे असे कोणी म्हणत नाही. का? कारण आपण प्रत शुद्ध केली हे एकनाथांनी शेवटी शकासह लिहून ठेवले. मराठीत 'संस्करण' हा शब्द ग्रंथाच्या आवृत्तीलाही चालतो आणि प्रतिमेवरील प्रक्रियेलाही. भाषेला जे कळले आहे ते तिच्या प्राध्यापकांना कळू नये?

उलट, येथे विज्ञान आपल्यापुढे गेले आहे हे मान्य करावे. एकनाथांपुढे कोणत्या प्रती होत्या, त्यांनी नेमके काय गाळले, हे आज आपल्याला पडताळता येत नाही. 'ॲस्ट्रोसॅट'च्या नोंदी मात्र जतन केल्या जातात आणि 2018 पासून त्या इतरांनाही खुल्या होऊ लागल्या. ज्याला साहा यांचा निष्कर्ष पटत नाही, त्याने त्याच नोंदी घेऊन पुन्हा प्रतिमा सिद्ध करावी. आपल्याकडे काय आहे? 'संपादित' एवढा एक शब्द कंसात टाकून कथेचे दोन परिच्छेद गाळलेली क्रमिक पुस्तके आपण वर्षानुवर्षे शिकवतो. एका संपादित संग्रहात माझ्याच लेखाचा शेवट मला न विचारता बदलला गेला आणि प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हा या कक्षात कोणी 'पुराण' म्हटले नाही.

सरसकट विश्वास हा भाबडेपणा आहे, हे मला मान्य. परंतु सरसकट अविश्वास ही चिकित्सा नव्हे. तोही भाबडेपणाच, फक्त त्याला हुशारीचा वेष असतो. 'सगळेच रंगवलेले' म्हणणाऱ्याला खरे-खोटे तपासण्याचे कष्ट उरत नाहीत, आणि 'दिवाळीचा भारत' पुढे पाठवणाऱ्यालाही ते नको असतात. दोघे एकाच बाकावर बसलेले आहेत.

म्हणून वर्तमानपत्रांकडे आणि पाठ्यपुस्तकांकडे माझी मागणी साधी आहे : अंतराळातील प्रतिमा छापाल तेव्हा खाली दोन ओळी द्या. कोणत्या प्रकाशात टिपली, कोणता रंग कशासाठी दिला. आणि आपल्यासाठीही तोच दंडक असावा : उतारा छापाल तेव्हा कोणत्या आवृत्तीतून घेतला, काय गाळले, ते लिहा.

त्या दिवशी हसलेल्या विद्यार्थ्यांना पुढच्या तासाला मी दोन चित्रे दाखवणार आहे : एक रंगसूचीसह, एक रंगसूची कापलेले. खरे कोणते हा प्रश्न मी विचारणार नाही. कापले कोणी आणि कशासाठी, एवढेच विचारणार आहे.