मर दिसायच्या आधी

जानेवारीत कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाताना हरभऱ्याच्या रानात जरा नजर टाका. हिरव्यागार तासात मध्येच दोन-चार झाडं माना टाकलेली दिसतील. उपटून खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ. नाव घरातल्या सगळ्यांना माहीत असतं: मर. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं, हेही माहीत असतं. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी, हरभरा न पेरताही सहा-सहा वर्षं जमिनीत तग धरते.

पण झाडाला हे आपल्या कितीतरी आधी कळलेलं असतं. बुरशी मुळात शिरली की पेशींतल्या साखरा, अमिनो आम्लं, फिनॉलं यांचं प्रमाण बदलायला लागतं. अशा शेकडो बारीक रेणूंची एकदम हजेरी घेणं म्हणजे मेटाबोलोमिक्स. झाडाचा ब्लड रिपोर्टच म्हणा ना!

हे सगळं परदेशात चालतं असं समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी चिनी सहकाऱ्यांसोबत नेमकं याच मर रोगावर काम केलं. 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात वाण दोन होते, मरीला बळी पडणारा जेजी-62 आणि राहुरी कृषी विद्यापीठाचा, मरीला दाद न देणारा दिग्विजय. दोघांच्या मुळांतली प्रथिनं आणि रेणू त्यांनी मोजले. पेशीची भिंत कडक करणारं लिग्निन, बुरशीला रोखणारी द्रव्यं, ही तयारी दिग्विजयमध्ये जास्त जोमाची दिसली. असे रेणू ओळखू आले, तर नवा टिकाऊ वाण निवडताना प्रत्येक वेळी झाड मरायची वाट बघावी लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात आमचं काय? ते एनएमआर यंत्र कोट्यवधींचं. मान्य. ते आपल्या कॉलेजात येणार नाही. पण नमुना? मूळ तोडल्यावरही त्यातले एन्झाइम काम करतच राहतात, म्हणून ते काही सेकंदांत द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावं लागतं. आणि ते कुठल्या झाडाचं, पाणी कधी दिलेलं, गेल्या साली त्या तुकड्यात काय होतं? ही नोंद कच्ची असेल तर यंत्र कितीही भारी असो, आकडे कुचकामी. ही माहिती तुमच्या घरात आहे.

आणि आपण प्रोजेक्टला काय करतो? सीनियरची फाईल, नवं कव्हर. खरं सांगू का, याची मला चीड येते.

पाण्याच्या ताणात बऱ्याच झाडांत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठतं. निनहायड्रिन, टोल्युइन आणि साधा कलरीमीटर, एवढ्यावर ते मोजता येतं. तांबूस रंग जितका गडद तितकं प्रोलिन जास्त. हरभऱ्याच्या दोन कुंड्या लावा, एकीचं पाणी तोडा, रोज मोजा. एका रेणूनं मेटाबोलोमिक्स होत नाही, आणि प्रोलिन वाढलं म्हणजे मरच लागली असंही नाही. पण पान सुकायच्या आधी आकडा हलतो का, हे तुम्ही स्वतः बघाल.

टोल्युइनची वाफ वाईट, तेव्हा सरांना सोबत घ्या. कलरीमीटर बहुतेक कपाटात बंद असेल. किल्ली लॅबमधल्या मामांकडे मिळते.