सांताक्रूझचा आकडा आणि गोवंडीचे हवामान

मुंबईसाठी वर्तवलेला अंदाज सांताक्रूझ आणि कुलाबा येथील वेधशाळांच्या नोंदींशी जुळला, की तो साऱ्या शहरापुरता खरा ठरला, असे सर्रास मानले जाते. तेथील नोंदी दीर्घकाळच्या आणि उपकरणे प्रमाणित आहेत, हा या मताचा आधार खोटा नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम ७३. पूर्व उपनगरांतील गोवंडीच्या वाट्याला किती आला, हे या दोहोंतील एकही आकडा सांगू शकत नाही.

तापमानाबाबतचा गैरसमज अधिक खोल आहे. प्रमाणित तापमापक मोकळ्या जागी, भिंतींपासून दूर, झडपांच्या पेटीत ठेवण्याचा नियम असल्यामुळे, वातावरणाची समीकरणे संगणकावर सोडवणाऱ्या प्रणालीला, म्हणजेच प्रतिमानाला, शहराची उष्णता जोखता येते का, याची परीक्षा नेमकी दाट शहर टाळून घेतली जाते. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतल्या खेटून उभ्या पत्र्याच्या घरांचा उकाडा त्या पेटीपर्यंत पोचतच नाही.

प्रतिमानाच्या गणनेची जाळी बारीक केली की प्रश्न सुटेल, हेही अर्धसत्यच. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या प्रतिमानाने ती १२ किलोमीटरवरून ६ वर आणली, ही प्रगती मोठीच; तरीही ३६ चौरस किलोमीटरच्या एका चौकटीत गोवंडीची वस्ती, देवनारची कचराभूमी आणि ठाणे खाडीचे पाणी एकाच सरासरीत मिसळू शकते.

म्हणून काही प्रतिमाने टाकाऊ ठरत नाहीत; बदलायला हवी ती त्यांची पडताळणी. गोवंडीसाठी वर्तवलेली सर मुलुंडला कोसळली, तर बिंदूनिहाय मोजणी एकाच चुकीला दोनदा दंड करते: येथे खोटा इशारा, तेथे हुकलेला पाऊस. ठरावीक परिघात किती भागावर पाऊस अपेक्षित होता आणि किती भागावर पडला, याची तुलना अधिक न्याय्य होय. मात्र परीघ केवढा धरला, हे उघड सांगितले पाहिजे, कारण तो पुरेसा वाढवला तर कोणताही अंदाज उत्तीर्ण होतो. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापन केंद्रे आणि कुलाबा व वेरावली येथील रडार यांमुळे पावसाची अशी पडताळणी शक्य आहे. उष्णतेसाठी वस्तीच्या आतच, रात्रीच्या तापमानासह, नोंदी घ्याव्या लागतील. गोवंडी ज्यात मोडते त्या महापालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागाचे हुकलेले अंदाज आणि खोटे इशारे स्वतंत्रपणे मांडले जात नाहीत, तोवर मुंबईचा अंदाज बरोबर आला हे विधान गोवंडीपुरते असिद्धच धरावे लागेल.