डुकराला दोष, आपण निर्दोष?

डुकराचं नुसतं नाव काढलं तरी आपण नाकाला पदर लावतो. 'शी, किती घाण!' म्हणतो आणि पुढे जातो. पण मैत्रिणींनो, ती घाण टाकली कोणी? डुक्कर काही घाण बरोबर घेऊन येत नाही, आपण टाकलेल्या घाणीवर ते येतं.

२००९ सालचा ऑगस्ट आठवा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. पुण्या-मुंबईच्या शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले. तो विषाणू मूळचा डुकरांमधला खरा, पण पसरत होता माणसांच्या खोकण्या-शिंकण्यातून. नीट शिजवलेलं मांस खाऊन तो होत नव्हता. नावामुळे सगळे डुकरांना घाबरले आणि तोंडावर रुमाल न धरता खोकणारा माणूस मात्र बसमध्ये खुशाल बसून राहिला!

याउलट जो आजार खरोखर डुकराशी जोडलेला आहे, त्याची कुणी चर्चाच करत नाही. तो म्हणजे पट्टकृमी, पोटातला लांबलचक चपटा जंत. उघड्यावरची माणसाची विष्ठा डुक्कर खातं आणि जंताच्या अळ्या त्याच्या मांसात जातात. ते मांस कच्चं राहिलं की खाणाऱ्याच्या पोटात जंत वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांनी, भाजीवरून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून ती मेंदूपर्यंत पोचली तर गाठी होतात आणि फिट येऊ लागतात.

'आम्ही तर शाकाहारी, आम्हाला काय त्याचं?' असं बचत गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. पण वरचा प्रवास पुन्हा वाचा. अंडी कोथिंबिरीच्या जुडीवरूनही घरात येऊ शकतात! जागतिक आरोग्य संघटना सांगते की, हा जंत जिथे पसरलेला आहे अशा अनेक भागांत फिट येणाऱ्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं.

आणि आपल्याकडे मुलीला फिट आली की काय होतं? कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. मग अंगारे-धुपारे. डॉक्टर राहतात बाजूला, कारण 'बाहेर कळलं तर लग्न कसं जमायचं?' ही धास्ती. अहो, हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट १९९९ सालीच काढून टाकली आहे. कायदा पुढे गेला, आपण तिथेच! मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला की गाठ कळते आणि औषधांनी पुष्कळ जणांना बरं वाटतं. मुलगी लपवून ठेवली तर मात्र तिची शाळाही सुटते आणि उपचारही.

दुसरा आजार लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानं कळंबोलीत काय केलं, ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. उंदीर, कुत्री, गुरं, डुकरं यांचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं आणि पायाच्या साध्या खरचटण्यातूनही जंतू शरीरात शिरतात. म्हणून अशा पाण्यातून चालून आलात तर पाय साबणानं धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. ताप यायची वाट बघू नका.

डुकरं पाळून पोट भरणाऱ्यांना शिव्या देऊन यातलं काहीच थांबणार नाही. जनावर बंदिस्त जागेत राहिलं, त्याला स्वच्छ खाद्य मिळालं, तर ही साखळी तुटते. पण त्याआधी प्रत्येक वस्तीला वापरता येण्याजोगं शौचालय हवं, पाणी असलेलं, दिवा असलेलं. बायका अंधार पडायची वाट बघत ताटकळतात, ते तरी थांबेल! आमच्याकडे २०१६ साली पनवेल महापालिका आली. तुमच्याकडे नगरपालिका असेल नाहीतर ग्रामपंचायत. चौघीजणी मिळून तिथे जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

भाजी धुणं, मांस नीट शिजवणं, जेवणाआधी साबणानं हात धुणं हे आपल्या हातात आहे. रस्त्यावरचा कचरा आणि तुंबलेला नाला मात्र एकटीच्या हातात नाही. त्यासाठी पदर नाकाला लावून चालणार नाही, तो कमरेला खोचावा लागेल.