पाच मिनिटं थांबा, अम्मी

माझ्या धाकट्याने दोन वर्षांची ईदी साठवून बाल्सा लाकडाचं एक विमान बांधलं. टायगर मॉथ या जुन्या दुपंखी विमानाची ती रिमोटवर उडणारी छोटी प्रतिकृती. पहिल्या उड्डाणाला आम्ही दोघं गावाबाहेरच्या माळावर गेलो. विमान उठलं आणि वाऱ्याने उजवीकडे कललं. त्याने काडी डावीकडे नेली, तर ते आणखीच उजवीकडे झुकलं आणि पंखावर आपटलं. खालचा पंख मोडला.

कारण घरी आल्यावर कळलं. आदल्या रात्री त्याने नवं रिमोट जोडलं होतं आणि त्यात एलरॉनची दिशा उलटी राहिली होती. एलरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी. एका बाजूची वर जाते, दुसरीकडची खाली, म्हणून विमान कलतं. निघताना तो म्हणाला होता, "पाच मिनिटं थांबा, अम्मी, एकदा तपासतो." मला घरी येऊन पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, "चल, रात्रभर तेच तर केलंस." ही चूक त्याच्या हिशोबात धरायची की माझ्या, ते वाचकांनीच ठरवावं.

पंख पुन्हा बांधल्यावर मी त्याच्याजवळ बसले. वर्गात मी शिकवते, इथे तो शिकवत होता.

सर्वात आधी त्याने प्रोपेलर काढून ठेवला, कारण तपासताना मोटर चुकून सुरू झाली तर बोटं जातात. मग आधी रिमोट चालू केलं, नंतर विमानाची बॅटरी जोडली. रिमोटवरचे सगळे ट्रिम शून्यावर आणले. सर्व्होला साधारण 1.5 मिलिसेकंदाचा विद्युत ठोका मिळाला की तो मधोमध उभा राहतो. तो तसा उभा राहिल्यावरच त्याच्या दांड्यावर आर्म बसवायचा, पुशरॉडच्या तारेशी काटकोनात. दात जुळत नसतील तर आर्म फिरवून दुसऱ्या बाजूने लावून पाहायचा. नंतर तारेची लांबी कमीजास्त करून एलरॉन पंखाच्या रेषेत आणायचा.

मी विचारलं, "रिमोटवरच्या बटणाने सरळ करता येत नाही का?"

"येतं, पण मग सर्व्हो एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी फिरतो. आधी तार नीट करायची. बटण उरलेल्या केसभर फरकासाठी."

तार आर्मच्या आतल्या भोकात घातली तर एलरॉन कमी हलतो, पण जोर जास्त मिळतो. बाहेरच्या भोकात याच्या उलट. काडी टोकापर्यंत नेऊन तिथे धरून ठेवायची आणि कान द्यायचा. सर्व्हो घुरघुरत राहिला तर कुठेतरी अडतंय. तसंच सोडलं तर तो तापतो, बॅटरी खातो आणि शेवटी जळतो.

पुढची गोष्ट मला नवी होती. खाली गेलेला एलरॉन पंखाला उचलतो, पण हवेत ओढही वाढवतो, त्यामुळे विमानाचं नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. म्हणून एलरॉन वर जास्त आणि खाली कमी हलवतात. 1931 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या खऱ्या टायगर मॉथमध्येही हेच आहे. त्याचे एलरॉन फक्त खालच्या पंखावर असतात आणि खाली जाणारा जेमतेम हलतो. पिट्स एस-2ए सारख्या विमानाला मात्र चारही पंखांवर एलरॉन असतात. तिथे वरचा आणि खालचा दांडीने जोडलेला असतो. ती दांडी दोन्हीकडे बिजागरीपासून सारख्या अंतरावर नसेल तर वरचा एक चालतो आणि खालचा दुसरीच चाल धरतो. आमच्या विमानात दोन सर्व्हो दोन वेगळ्या चॅनेलवर आहेत, म्हणून वरखालीचा फरक रिमोटमध्येच भरता आला.

शेवटी तो म्हणाला, "अम्मी, तुम्ही विमानाच्या मागे उभ्या राहा. मी काडी हलवतो, तुम्ही सांगा."

काडी उजवीकडे गेली. "उजवा वर, डावा खाली," मी म्हटलं. काडी डावीकडे. "डावा वर, उजवा खाली." नियम एवढाच: काडी कलेल त्या बाजूचा एलरॉन वर उठला पाहिजे. या तपासणीला अर्धा मिनिटही लागला नाही.

पुढच्या रविवारी माळावर पोचल्यावर त्याने पुन्हा विमान खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ऊन वाढत होतं, घरी पेपरांचा गठ्ठा तसाच होता. मी न बोलता विमानाच्या मागे जाऊन उभी राहिले. "उजवा वर," मी सांगितलं. मग त्याने प्रोपेलर बसवला.

विमान उठलं, वाऱ्याने कललं आणि काडीसरशी सरळ झालं. त्या दिवसापासून वर्गात एखादं मूल "मॅडम, एकदा परत बघू?" असं विचारतं, तेव्हा मी घड्याळाकडे पाहत नाही.