बंदर पाहावे मुक्कामाने

निवृत्तीनंतर हाती येणाऱ्या रकमेतील काही भाग परदेश प्रवासासाठी बाजूला काढून ठेवण्याची प्रथा आपल्या मध्यमवर्गात आता चांगलीच रुळली आहे. पूर्वी काशीयात्रेसाठी पुंजी साठवली जाई, आज युरोपसाठी साठवली जाते. त्यात गैर काहीच नाही. मात्र आयुष्यभराच्या काटकसरीतून उभी राहिलेली ही रक्कम खर्च करून आपण नेमके काय घेऊन परततो, याचा विचार व्हावयास हवा. अकरा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या सहलींमध्ये पहाटे सामान बसमध्ये चढते, दुपारी एखाद्या मनोऱ्यासमोर छायाचित्र निघते आणि रात्रीचा मुक्काम दुसऱ्याच देशात पडतो. घरी आल्यावर छायाचित्रांचा ढीग असतो, परंतु त्यातील नदी कोणत्या गावची, हे पती-पत्नींनाही एकमेकांना विचारावे लागते.

माझे मत असे की, आयुष्यात एकदाच युरोपला जावयाचे असेल तर एकाच शहरी जावे, तेथे राहावे आणि ते शहर शक्यतो भूमध्य समुद्रावरील एखादे बंदर असावे. राजधानीची शहरे पाहुण्यांसाठी सजलेली असतात, तर बंदर आपल्या कामात गुंतलेले असते. परक्या माणसाची त्याला शतकानुशतके सवय असते. तेथे पाहुण्याचे फारसे कौतुक होत नाही, पण तो फारसा परकाही ठरत नाही.

या विचाराने मी व माझी पत्नी सहा दिवस फ्रान्समधील मार्सेलिस येथे राहून आलो. फ्रेंच लोक या नावाचा उच्चार 'मार्सेय' असा करतात, परंतु मराठी वाचकाच्या कानी 'मार्सेलिस'च बसले आहे आणि त्याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. ते पोहत धक्क्यावर पोहोचले आणि तेथे पुन्हा पकडले गेले. फ्रान्सच्या भूमीवरील या अटकेचा वाद हेगच्या लवादापुढे गेला व १९११ च्या फेब्रुवारीत निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. शाळेत शिकलेला हा प्रसंग सोडला, तर या शहराविषयी आपणांस काहीच ठाऊक नसते. प्रवासाचा बेत ऐकून स्नेह्यांनी विचारले, "तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?"

खरे सांगावयाचे तर पहिल्या दिवशी मीही यादी खिशात घेऊनच निघालो होतो. पॅरिसहून वेगवान रेल्वेने सव्वातीन तासांच्या सुमारास सँ-शार्ल स्थानकावर उतरलो. स्थानकासमोरच्या भव्य दगडी जिन्याला १०४ पायऱ्या आहेत. त्या उतरून जुने बंदर, तेथून टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च आणि लगेच वस्तुसंग्रहालय, असा माझा बेत होता. दुपारपर्यंत पत्नीचा गुडघा सुजला आणि आमचे बोलणे थांबले. बंदराकाठच्या बाकावर ती एवढेच म्हणाली, "तुम्ही कचेरीतून निवृत्त झालात, पण कचेरी काही तुमच्यातून निवृत्त झालेली नाही." यादी मी तेथेच दुमडून ठेवली.

त्यानंतरचे पाच दिवस आम्ही दररोज सकाळी त्याच बाकावर बसलो. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया येथून आलेल्या ग्रीक व्यापाऱ्यांनी याच नैसर्गिक खाडीच्या आश्रयाने हे गाव वसविले. फ्रान्समधील सर्वांत जुने शहर ते हेच. धक्क्यावर आजही सकाळी लहान होड्यांतून ताजी मासळी उतरते आणि फळ्यांवर मांडली जाते. भाव करणाऱ्या बायकांचा आवाज ऐकून आपल्याकडील कोणत्याही बंदरातील सकाळ आठवावी. ऊन स्वच्छ, प्रकाश इतका की चुनखडीचे डोंगर डोळ्यांत भरतात. मात्र मिस्त्राल नावाचा उत्तरेकडील वारा सुटला की त्याच उन्हात अंगावर शाल घ्यावी लागते, हेही ध्यानी असावे.

घाईची किंमत काय असते, हे या शहराइतके क्वचितच कोणी जाणत असेल. १७२० मध्ये पूर्वेकडून आलेल्या एका जहाजावर प्लेगचे रुग्ण दगावले होते. परंतु त्यावरील रेशीम व कापूस बोकेरच्या जत्रेत वेळेवर पोहोचावा म्हणून विलगीकरणाचे नियम सैल करण्यात आले. त्या साथीत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती मृत्युमुखी पडली. व्यवहारात वेळेला मोल असते हे खरे, पण सावधगिरीलाही असते, याचा इतका भीषण ताळेबंद दुसरा नसेल.

मुक्कामाचा खरा लाभ असा की, शहर हळूहळू आपल्याशी असलेले नाते उघड करते. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर मुंबईहून निघालेल्या अनेक भारतीयांचे युरोपातील पहिले पाऊल याच धक्क्यावर पडले. गोलमेज परिषदेस जाताना गांधीजी ११ सप्टेंबर १९३१ रोजी येथेच उतरले. त्या बोटींवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खलाशी होते, गोव्याचे खानसामे होते. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

काहींची नावे मात्र आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस, भारतीय सैन्याच्या तुकड्या येथे उतरल्या व आघाडीवर गेल्या. शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथील युद्धस्मशानभूमीत भारतीय सैनिकांचे व श्रमिक दलातील माणसांचे स्मारक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत भारताचे पंतप्रधान व फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष तेथे गेले होते आणि त्याच वेळी शहरात भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला. आम्ही गेलो तेव्हा तेथे आमच्याशिवाय कोणी नव्हते. हिंदू, मुस्लिम, शीख नावे वाचीत पत्नी बराच वेळ उभी होती. सात देशांच्या सहलीत या तासाला जागा मिळाली नसती.

चंडीगडच्या वाचकांनी आणखी एक वास्तू अवश्य पाहावी. ल कोर्बुझिए यांनी उभारलेली व १९५२ मध्ये पूर्ण झालेली निवासी इमारत येथे आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या सात देशांतील सतरा वास्तू एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांत चंडीगडचा कॅपिटल परिसर व ही इमारत, दोन्ही आहेत.

शाकाहारी वाचकांची चिंताही थोडी दूर करतो. मत्स्याहारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात 'पानिस' नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात घट्ट शिजवून, थापून, गार झाल्यावर काप तळतात. आमच्या पाटवडीची ती सख्खी बहीण.

आक्षेप घेतला जाईल की, ज्यांना रजा थोडी, भाषा अपरिचित आणि सोबत वृद्ध आई-वडील, त्यांनी सहल कंपनीबरोबर जाऊ नये काय? जरूर जावे. संघटित सहलीची सोय मी नाकारीत नाही. पण निवड करण्याइतकी मोकळीक ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी तरी देशांची संख्या हे समाधानाचे माप मानू नये.

यात केवळ आपलाच स्वार्थ नाही. प्रवाशांची गर्दी यजमान शहरांनाही पेलेनाशी झाली आहे. मार्सेलिसजवळच्या कालांक राष्ट्रीय उद्यानातील सुजितों या खाडीत उन्हाळ्यातील गर्दीच्या दिवसांत आगाऊ नोंदणीशिवाय जाता येत नाही. २०२२ मध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा दिवसाला ४०० जणांची मर्यादा घालण्यात आली. वणव्याचा धोका असेल त्या दिवशी डोंगरवाटा बंदच ठेवतात. जुन्या बंदरापासून जवळच, ओबान्य रस्त्यावर, ५ नोव्हेंबर २०१८ रोजी जीर्ण इमारती कोसळून आठ माणसे दगावली. जेथे रहिवाशांनाच धड घर मिळणे कठीण, तेथे प्रवाशाने राहत्या इमारतीतील सदनिका भाड्याने घ्यावी काय, असा प्रश्न आम्हांस पडला आणि आम्ही साध्या हॉटेलात राहिलो. काही तासांसाठी उतरून निघून जाणाऱ्यापेक्षा चार दिवस राहून, तेथील दुकानांत खर्च करणारा पाहुणा त्या शहराला अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते.

तेव्हा ज्यांचा बेत ठरावयाचा आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. मे किंवा सप्टेंबर निवडावा, शेंगेन व्हिसासाठी वेळीच अर्ज करावा, खिसे सांभाळावेत आणि दिवसाचा अर्धा भाग मोकळा ठेवावा.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही बाकाकडे निघालो तेव्हा मासळी विकणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आम्हांला पाहून आधी मान हलवली आणि 'बोंजूर' म्हटले. आम्ही त्यांच्याकडून कधी काही घेतले नव्हते. पण आम्ही रोज येतो, हे त्यांच्या लक्षात आले होते.